बीज तेच, भूमी निराळी

मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा ही घातक गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर त्या जागी बहुधा सहा आठवडे किरणोपचार करतात. तरीही ती प्रायः तेथेच पुन्हा उद्भवते. दोष उरलेल्या बीजाचा, की भूमीचाही?

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी उंदरांच्या अर्ध्या मेंदूवर किरण सोडले आणि सहा आठवड्यांनी, किरणांचा स्पर्शही न झालेल्या अर्बुदपेशी तेथे रुजविल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की किरण न दिलेल्या मेंदूपेक्षा येथे गाठ अधिक जोमाने फोफावली. बीज तेच होते. भूमी पालटली होती.

एवढ्यावरून किरणोपचार नाकारणे योग्य नव्हे. त्यांनी रुग्णाचे आयुष्य वाढते. परंतु तण जाळल्यावर शेताची मशागतही करावी लागते. वैद्यकापुढील कार्य आता तेच आहे.