सापडलं कुठं, हे आधी लिहा

असीरगडच्या शेतातला तो व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनी पाहिला असेल. 'छावा' चित्रपट पाहून आलेली माणसं बुऱ्हाणपूरजवळच्या रानात रात्री टॉर्च लावून माती उकरताहेत, कुणी चाळणीनं चाळतंय, कुणाच्या हातात मेटल डिटेक्टर आहे. मोगलांच्या मोहरा निघतात, एवढी आवई पुरली. पोलिस आल्यावर गर्दी पांगली आणि शेतकऱ्याच्या रानात खड्डे तेवढे राहिले. आता विचारणा सुरू झाली आहे ती यंत्राची. नवशिक्यानं कोणतं घ्यावं, किती खोल चालतं, आपल्या रानात चालेल का?

प्रवरेकाठी कोल्हारला राहणाऱ्या माणसाला हे यंत्र नवं नाही. शिर्डीला गेलेला प्रत्येक जण त्याच्या चौकटीतून गेला आहे. शेतात फिरवायचं ते याच तत्त्वावर चालतं, फक्त चौकटीऐवजी काठीच्या टोकाला थाळीसारखं वेटोळं असतं. पण यंत्राची खरेदी करण्याआधी प्रवरेच्या काठानं थोडं खाली जाऊ या. धातू आणि माती यांचं नातं समजून घ्यायला महाराष्ट्रात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. गाव कधीच उठून गेलेलं, उरली ती पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. १९७४ मध्ये तिथं भिल्ल समाजातल्या एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, चारही भरीव धातूच्या ओतीव आणि मिळून साठ किलोंहून जड. रथ पंचेचाळीस सेंटिमीटर लांब. त्यात उभा असलेला माणूस सोळा सेंटिमीटरचा, आणि त्याच्यापुढं दांडीवर एक कुत्रा उभा. बैलांची वशिंडं, जू, दांडी, सगळं जागच्या जागी. फोटोत पाहिलं तरी वाटतं, हा गाडीवान आत्ता हाळी देईल.

एवढ्या मोलाच्या वस्तू, पण त्यांचं वय पक्कं सांगता येत नाही. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांच्या मते त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे चार हजार वर्षांच्या आसपासच्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण तपासलं. त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं, आणि इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत अशी मिसळ आढळत नाही. म्हणून त्या बऱ्याच अलीकडच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात असं त्यांचं म्हणणं. हा वाद मिटत नाही, कारण चारही वस्तू उत्खननातून आलेल्या नाहीत. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणतं खापर होतं, वरची माती आधीच हलवलेली होती का, हे त्या क्षणी पाहणारं कुणी नव्हतं. पुढं साळींनी १९७६ ते १९७९ या काळात इथं सावळदा ते जोर्वे असे पाच सांस्कृतिक कालखंड थरांनुसार उलगडून दाखवले. पण खोडाबरोबर उपसलेली ती हातभर माती कुणालाच परत रचता आली नाही.

त्या शेतकऱ्याला यात बोल लावण्यासारखं काही नाही. तो आपलं काम करत होता. आज मात्र हातात मुद्दाम यंत्र घेऊन निघणाऱ्याला ही सबब उरत नाही.

आता यंत्र. वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवरे प्रवाह उठवतं, आणि त्यांचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. हीच कल्पना वापरून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. पलंगाच्या स्प्रिंगांनी त्यांना चकवलं.

आपल्याकडं चकवते ती जमीन. दख्खनचा बेसॉल्ट आणि त्यापासून झालेली काळी माती यांत मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळं नवं यंत्र पहिल्याच दिवशी जिथं तिथं ओरडतं. म्हणून ज्यात 'ग्राउंड बॅलन्स'ची, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्याची, सोय आहे तेच यंत्र घ्यावं, आणि संवेदनशीलता पूर्ण वाढवण्याचा मोह आवरावा. साधं यंत्र चांगल्या जमिनीत नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत ओळखतं. काळ्या रानात त्याहूनही कमी. पंधरा-वीस फुटांवरचं सोनं दाखवतो म्हणून अँटेनाच्या कांड्या विकणारे ऑनलाइन भेटतात. त्यामागं कोणतंही भौतिकशास्त्र नाही, तिथं पैसे घालू नका.

धातू ओळखायला यंत्राच्या पडद्यावर जो आकडा येतो, त्यावरही फार भिस्त नको. हलक्या वजनाचं सोन्याचं डोरलं आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चुरगळलेला पत्रा यंत्राला जवळजवळ एकच वाटतात. कचरा नको म्हणून पत्रा गाळायला लावलात, तर डोरलंही गाळलं जाईल. चांदीची जोडवी मात्र खणखणीत वरचा आकडा देतात. रुपयाची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात, त्यामुळं त्यांचा आकडा भलताच येऊ शकतो.

सराव अंगणात करावा. एक खिळा, एक जुनं तांब्याचं नाणं, एक जोडवं वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवा आणि आवाज कानात बसू द्या. रानात जायचं ते वखरणी झाल्यावर. नांगरटीच्या ढेकळांवर वेटोळं जमिनीला लागून फिरत नाही आणि खोडव्यात तर ते सारखं अडतं. हात सावकाश फिरवायचा, मागचा पट्टा थोडा झाकत पुढं सरकायचं. खणायला खुरपं पुरे, आणि खड्डा बुजवल्याशिवाय उठायचं नाही.

निघेल काय? बैलाच्या नाली, वखराच्या पासेचा तुकडा, ट्रॉलीची पिन, पाचटात हरवलेला कोयता. कांद्याच्या वाफ्यात खुरपताना कुणाचं डोरलं पडलं असेल, तर या यंत्राचं त्याहून चांगलं काम दुसरं नाही. तार किंवा खिळा गिळलेल्या म्हशीच्या तपासणीत जनावरांचे डॉक्टरही धातुशोधक वापरतात. आपल्या रानात, मालकाच्या परवानगीनं, अशा शोधातच नवशिक्याचा हात बसतो.

गुप्तधनाच्या नादानं मात्र हे यंत्र घेऊ नये. पायाळू माणूस, डोळ्यांत अंजन, अमावास्या या चक्रात या राज्यात माणसं मेली आहेत. १९७०च्या दशकातलं मानवत हत्याकांड आठवा. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवली आहेत. संरक्षित स्मारकं आणि पांढरीची टेकाडं यांवर खणणं तर सोडाच, यंत्र घेऊन पायही ठेवू नये.

आणि तरीही स्वतःच्या रानात जुनं काही लागलं तर? थांबा. ओढून काढू नका, चिंच-मीठ लावून घासू नका, कारण हिरव्या थरातही माहिती असते. फोटो काढा आणि कळवा. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, नाहीतर एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. कळवणाऱ्याचं नुकसानच होतं असंही नाही. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जागामालकाचा. सरकारनं तो घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देण्याची तरतूद आहे. कळवलं नाही तर काय होतं ते २०२२ मध्ये चिखलीत दिसलं. खोदकामात सापडलेली अठराव्या शतकातली २१६ सोन्याची नाणी कुणाला न कळवता घरात ठेवली गेली, आणि शेवटी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती जप्त केली. दोन किलोंहून जास्त सोनं, पण ती कोणत्या खोलीवर, कशाशेजारी होती, हे नोंदवायची वेळ निघून गेली होती.

इंग्लंडात १९९७पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारे अधिकारी ठिकठिकाणी नेमले आहेत. शौकीन लोक वस्तू त्यांच्याकडं घेऊन जातात, आणि दहा लाखांहून जास्त वस्तूंची ठिकाणासह नोंद झाली आहे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही उत्खननाची तीन स्थळं ज्या जिल्ह्यात एकाच प्रवरेच्या काठावर आहेत, तिथं एकाही तालुक्याला असा माणूस नसावा, याचा मला राग येतो. अहिल्यानगरला तो सर्वांत आधी मिळायला हवा.

तोवर ही नोंद आपल्यालाच करावी लागेल. १८७८चा कायदा लेखी सूचनेत निधीचं स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याचं ठिकाण आणि तारीख एवढंच मागतो. त्याखाली दोन ओळी आपण होऊन वाढवाव्यात: जमिनीपासून किती खोल होतं, आणि त्याच खड्ड्यात आणखी काय होतं, खापर, राख, हाड, जे दिसलं ते.