दोरा दातांत, मूठ हातात

‘दात कोरून पोट भरत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पोट भरत नाही हे खरेच. परंतु दातांच्या फटी अस्वच्छ राहिल्या, तर ज्या दातांनी पोट भरायचे तेच एके दिवशी हलू लागतात, हेही तितकेच खरे. या फटी स्वच्छ ठेवण्यासाठी फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवण्याचा बारीक दोरा, वापरावा असे दंतवैद्य सांगतात. मात्र तो दोरा धरणार कोण आणि कोणत्या हातांनी, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. माझ्या एका रुग्णामुळे तो मला विचारावा लागला.

या निवृत्त शिक्षिका गेली बारा वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. वय ६७. सारे गाव त्यांना ‘बाई’ म्हणते, मीही तसेच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची साखर काही केल्या आटोक्यात येईना. औषधांची मात्रा वाढवली, जेवणाची वही तपासली, चालण्याचा हिशेब घेतला. एके दिवशी बोलता बोलता त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि त्यावर रक्ताचा पुसट डाग उमटला.

“हे काय, बाई?” मी विचारले.

“हे रोजचंच आहे, डॉक्टर. ब्रश केला की येतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही.”

या बारा वर्षांत त्यांचे पाय मी अनेकदा तपासले होते, डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी दरवर्षी दिली होती. पण ‘आ करा’ म्हटले ते केवळ घसा पाहण्यासाठी. हिरड्यांकडे माझे लक्ष कधी गेलेच नाही. त्या दिवशी पाहिले, तेव्हा हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या आणि खालचे पुढचे दोन दात बोटाने हलत होते.

फटीत काय घडते?

दाताला पाच बाजू असतात. बाहेरची, आतली आणि चावण्याची या तीन बाजूंवर ब्रश फिरतो. उरलेल्या दोन बाजू शेजारच्या दातांना टेकलेल्या असतात आणि तेथे ब्रशचे केस नीट पोहोचत नाहीत. त्या जागी जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्यालाच प्लाक म्हणतात. तो तसाच राहिला तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीट बनते. हिरडी सुजते, सहज रक्त येऊ लागते. ही सूज खोलवर गेली, की दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. हे सारे बहुधा वेदनेविना घडते, म्हणून रुग्ण उशिरा येतो.

मधुमेहाचा याच्याशी दुहेरी संबंध आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांतील दीर्घकाळची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर दंतवैद्याने उपचार केल्यानंतर काय होते, याचा आढावा कॉक्रेन या संशोधन-संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, सुमारे ०.४३ ने उतरलेला आढळला. ८ चा आकडा साधारण ७.६ वर यावा, इतकी ही घट.

मी बाईंना दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांनी हिरड्यांखालचे कीट काढले आणि रोज फ्लॉस करण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या, तेव्हा डबी पर्समध्ये न फोडलेलीच होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी त्यांना संधिवात आहे. बोटांची पेरेही ताठरली आहेत. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, सुईत दोरा ओवणं सोडलं त्याला चार वर्षं झाली. आता दातांत कुठून ओवू?”

दोरा जुना, अडचणही जुनी

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ च्या आपल्या पुस्तकात दातांच्या फटींतून रेशमी दोरा फिरवण्याचा सल्ला दिला होता. १८८२ मध्ये कॉडमन अँड शर्टलेफ या कंपनीने असा दोरा विक्रीस आणला, तर १८९८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने त्याचे पेटंट घेतले. पुढे रेशमाची जागा नायलॉनने घेतली. दोऱ्याचे द्रव्य बदलले. तो वापरण्याची रीत मात्र बोटांवरच अवलंबून राहिली.

ती रीत अशी. सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा घ्यायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरायचा. मग दोन्ही हातांची बोटे तोंडात घालून तो फटीत उतरवायचा. चिमटीची पकड ही हाताची सर्वांत नाजूक पकड आहे आणि तिचा सारा भार अंगठ्याच्या मुळावर येतो. संधिवात, कंपवात किंवा पक्षाघात झालेल्यांना हे कसे जमावे? निरोगी तरुणही दाढांपर्यंत पोहोचता पोहोचता कंटाळतात.

याचा परिणाम संशोधनातही दिसतो. कॉक्रेनच्याच २०१९ च्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि ३,९२९ सहभागी होते. ब्रशच्या जोडीला फ्लॉस वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्याची खात्री मात्र कमी प्रतीची होती. दोऱ्याचा गुण हा धरणाऱ्या हाताच्या कौशल्यावर फार अवलंबून असतो, हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

नातवाची तीन साधने

बाईंचा नातू, त्यांच्या मुलीचा मुलगा, यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीची अडचण ऐकून त्याने महाविद्यालयातील थ्रीडी प्रिंटरवर फ्लॉस धरण्याचे साधन बनवायचे ठरवले. त्याच्या तीन प्रयत्नांतून आम्ही दोघेही पुष्कळ शिकलो.

पहिले साधन म्हणजे बेचक्यासारखे दोन फाटे आणि त्यांच्यामध्ये गाठ मारून बांधलेला दोरा. दोन फटी झाल्या की दोरा सैल पडे आणि तिसऱ्या फटीत उतरतच नसे. गाठ कितीही घट्ट मारली तरी नायलॉन सरकतो. यातून पहिला धडा मिळाला, तो असा की दोऱ्याला गाठ नको, पीळ देऊन अडकवण्याची खाच हवी.

दुसऱ्या साधनात खाचा होत्या आणि ताण पक्का होता. आता दोष वेगळाच निघाला. दात जेथे एकमेकांना टेकतात तेथे दोरा अडे. बाई जोर लावत आणि तो एकदम खाली सुटून हिरडीला कापे. फटीत शिरण्यासाठी दोरा ताठ हवा. पण शिरल्यावर दाताच्या गोलाईला बिलगण्यासाठी तो किंचित लवायलाही हवा. हा विरोध नातवाने फाट्यांमधील अंतर थोडे वाढवून सोडवला. शिवाय दांडा आणि दोरा एकाच रेषेत असल्याने पुढच्या दातांना ते साधन चाले, पण मागच्या दाढांशी गालच आडवा येई. दोरा दांड्याला आडवा, म्हणजे बेचक्याच्या दोन टोकांमध्ये बसवला, तेव्हा दाढांची वाट मोकळी झाली.

तिसऱ्या साधनात हे सारे होते आणि मूठही जाड होती. बाईंनी चार दिवस ते आनंदाने वापरले. पाचव्या दिवशी निर्जंतुक करावे म्हणून त्यांनी ते उकळत्या पाण्यात टाकले आणि फाटे मेणासारखे वाकले. अशा प्रिंटरवर सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. त्याशिवाय थरावर थर चढवून केलेल्या वस्तूच्या पृष्ठभागावर बारीक खाचा राहतात. त्यांत ओल व जिवाणू साचतात. घरी छापलेली वस्तू मापे ठरवण्यासाठी उत्तम, परंतु रोज तोंडात घालण्यासाठी योग्य नाही, असे दंतवैद्यांनीही सांगितले.

नातू हिरमुसला. पण तिसरे साधन हातात घेऊन पाहताना माझ्या लक्षात आले, की बाईंना खरा फरक जाणवला होता तो त्या जाड मुठीमुळे.

डोके विकत घ्यावे, मूठ घरी करावी

म्हणून आम्ही काम वाटून टाकले. तोंडात जाणारा भाग विकतचा घेतला. लांब दांड्याचे, बेचक्यासारख्या डोक्याचे फ्लॉस-होल्डर औषधांच्या मोठ्या दुकानांत व ऑनलाइन मिळतात. हातात राहणारा भाग मात्र बाईंच्या हाताच्या मापाने केला. सायकलच्या हँडलची रबरी मूठ दांड्यावर चढवली आणि आतली पोकळी रबरी पट्टीने भरली. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळ्या फोमची नळीही चालते. मात्र फोममध्ये पाणी मुरते, म्हणून ती वरचेवर बदलावी.

मूठ किती जाड असावी? ती धरल्यावर बोटांची टोके तळहातात रुतू नयेत आणि अंगठ्याला चिमटा काढावा लागू नये. साधन संपूर्ण मुठीत धरले जावे, म्हणजे अंगठ्याचा भार साऱ्या हातावर विभागला जातो. ओल्या हातातून ते निसटू नये आणि त्याचा कोणताही भाग सुटून तोंडात पडू नये, याची परीक्षा वापरण्यापूर्वीच करावी.

वापरताना आरशासमोर बसावे आणि कोपर टेबलावर टेकवावे. हात कापत असेल तर याने मोठा आधार मिळतो. दोरा करवतीसारखा हलकेच मागे-पुढे करत फटीत उतरवावा, झटका देऊ नये. मग तो एका दाताला टेकवून हिरडीच्या कडेपासून वर असा तीन-चार वेळा फिरवावा. नंतर त्याच फटीतील दुसऱ्या दाताला तसेच करावे. ही दुसरी बाजू पुष्कळजण विसरतात. प्रत्येक फटीनंतर दोरा धुवावा, तो विरला किंवा सैल झाला तर बदलावा. एकदाच वापरण्याची छोटी प्लास्टिकची फ्लॉस-काडी धुऊन दुसऱ्या दिवशी वापरू नये.

लांब दांड्याचा आणखी एक उपयोग आहे. घरात अंथरुणाला खिळलेले किंवा स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे असतील, तर त्यांचे दात स्वच्छ करताना काळजी घेणाऱ्याची बोटे तोंडाबाहेर राहतात. चावले जाण्याची भीती उरत नाही. लहान मुलांचे शेजारचे दात एकमेकांना टेकू लागले की आईवडिलांनी त्यांनाही याच साधनाने मदत करावी.

दोऱ्याची मर्यादा

दोरा कीट काढू शकत नाही, ते काम दंतवैद्याचे. हिरड्या मागे सरून फटी रुंद झाल्या असतील, तर दोऱ्यापेक्षा फटीत घालण्याचा छोटा ब्रश अधिक उपयोगी पडतो. त्याचे माप दंतवैद्याकडून ठरवून घ्यावे. ब्रिज किंवा इम्प्लांट असल्यासही आधी विचारावे. सुरुवातीचे काही दिवस थोडे रक्त येते, तेवढ्याने घाबरून थांबू नये. दोन आठवड्यांनंतरही ते थांबले नाही, पू येत असेल किंवा दात हलत असेल, तर दंतवैद्याकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. आणि टाचणी, सेफ्टी पिन, आगकाडी यांनी दात कोरण्याची सवय आजच सोडावी.

बाईंच्या हलणाऱ्या दोन दातांपैकी एक काढावा लागला, दुसरा अजून टिकून आहे. रक्त येणे महिन्याभरात थांबले. साखरही उतरली, परंतु त्याच काळात मी औषधे बदलली होती, त्यामुळे सारे श्रेय दोऱ्याला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. मधुमेहाचा रुग्ण आला की पायांच्या बरोबरीने हिरड्या पाहतो, आणि फ्लॉसचे नाव काढण्यापूर्वी त्याला मूठ वळून दाखवण्यास सांगतो.