शाळेतील ब्लूज : व्यावसायिक कलावंत वर्गात येतो तेव्हा

प्रस्तावना

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात, कापसाच्या शेतांनी वेढलेले क्लार्क्सडेल नावाचे लहानसे शहर आहे. तेथील रेल्वेच्या १९१८ सालच्या जुन्या माल-स्थानकात आज ‘डेल्टा ब्लूज म्युझियम’ आहे. मडी वॉटर्स या थोर गायकाच्या लाकडी झोपडीचे अवशेष तेथे जतन केलेले आहेत. परंतु या संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य वस्तूंत नाही. शाळा सुटल्यानंतर परिसरातील मुले तेथे गिटार, बास आणि ड्रम शिकावयास येतात, आणि त्यांना शिकविणारे असतात ते प्रत्यक्ष ब्लूज वाजविणारे कलावंत. शिक्षकी पदविका नसलेला वादक वर्गात आला असता अध्यापनात नेमके काय बदलते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ब्लूजची घडण

ब्लूज हे आफ्रिकी-अमेरिकी समाजाचे संगीत होय. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे अर्धेलीच्या शेतीत आणि मालकाच्या कर्जात अडकून राहिली. शेतातील हाका, श्रमगीते आणि चर्चमधील भजने यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गायन आकारास आले. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३च्या सुमारास टटवाइलर येथील स्थानकावर एका अनोळखी वादकाकडून ते ऐकले, या घटनेच्या शताब्दीचे निमित्त साधून अमेरिकेत २००३ हे ‘ब्लूजचे वर्ष’ म्हणून साजरे झाले.

त्याचा रूढ साचा बारा ‘बार’चा आहे. आपल्याकडील वाचकाला येथे बारा मात्रांच्या एकतालाची आठवण होईल, पण ती दिशाभूल करणारी आहे. प्रत्येक बार चार मात्रांचा असल्याने एक आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे होते. एवढ्या अवकाशात तीन ओळी येतात. पहिली ओळ म्हटली जाते, तीच दुसऱ्यांदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. ही पुनरुक्ती निरर्थक नाही. ती गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचेपर्यंत उसंत देते. दहा-अकरा वर्षांचे मूलही पहिल्या काही तासांतच स्वतःची तीन ओळींची रचना करू शकते, याचे कारण या साच्यात आहे. गृहपाठ, धाकटे भावंड, हरवलेले कुत्रे असा कोणताही विषय त्यात बसतो.

याउलट स्वरांचे शिक्षण कठीण असते. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत हिंदकळत असतो. पियानोवर त्याला पट्टी नाही आणि छापील स्वरलिपीत त्याला नेमकी खूण नाही. माउथ ऑर्गनचे उदाहरण अधिक बोलके ठरेल. पांढरी एक पट्टीचा माउथ ऑर्गन ब्लूजचा वादक बहुधा पांढरी पाचमध्ये वाजवितो. त्यामुळे मुख्य स्वरसमूह फुंकर मारून नव्हे, तर श्वास आत ओढून निघतो, आणि आत ओढताना जिभेची व घशाची ठेवण बदलली की काही छिद्रांतील सूर खाली वाकतो. ही क्रिया तोंडाच्या आत घडते, ती डोळ्यांना दिसत नाही. विद्यार्थ्याने ती ऐकूनच पकडावयाची असते. ज्याच्या तोंडून तो सूर रोज निघतो अशा माणसाची वर्गातील उपस्थिती म्हणूनच शोभेची ठरत नाही.

वर्गातील कलावंत

शिकागोतील माउथ ऑर्गनवादक बिली ब्रँच यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस शाळांमध्ये जाऊन ब्लूज शिकविण्यास आरंभ केला. वादन, गायन, इतिहास, विद्यार्थ्यांची स्वतःची गीतरचना आणि शेवटी त्यांचाच जाहीर कार्यक्रम, अशी त्यांच्या पद्धतीची रूपरेषा आहे. पुढे ‘ब्लूज इन द स्कूल्स’ हे नाव अमेरिकेत अशा उपक्रमांना सर्रास लाभले. मेम्फिस येथील ब्लूज फाउंडेशननेही ते पुरस्कारिले.

मात्र या एकाच नावाखाली फार निरनिराळ्या गोष्टी चालतात. एखाद्या दुपारी सभागृहात कार्यक्रम करून निघून जाणारा वादकही त्यात मोडतो आणि काही आठवडे मुलांबरोबर बसणाराही. पहिल्या प्रकाराला शिक्षण म्हणणे धाडसाचे आहे. मुले टाळ्या वाजवितात, अहवालात छायाचित्र लागते, आणि विषय तेथेच संपतो.

क्लार्क्सडेल परिसरात जॉनी बिलिंग्टन (मृत्यू २०१३) यांनी नेमका याउलट मार्ग चोखाळला. मोटारदुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. अनेक वर्षे त्यांनी तेथील मुलांना वाद्ये हाती देऊन शिकविले. नीटनेटके राहणे आणि वेळ पाळणे यांवर त्यांचा कटाक्ष होता, आणि तयार झालेली मुले त्यांच्यासमवेत प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवीत. सरावाला श्रोता मिळाला की चुकीचा अर्थ बदलतो. ही गोष्ट परीक्षेच्या गुणांतून साधत नाही.

संग्रहालयाच्या याच वर्गांत क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रम (जन्म १९९९) लहानपणी शिकला. २०१४ साली संग्रहालयाच्या शिक्षण उपक्रमाला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रमच्या ‘६६२’ या ध्वनिमुद्रणसंचाला २०२२ साली ग्रॅमी मिळाले. ६६२ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनी क्रमांक-संकेत होय. अर्थात एका यशस्वी विद्यार्थ्यावरून उपक्रमाचे माप घेणे योग्य नव्हे. बहुसंख्य मुले व्यावसायिक वादक होत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसावी.

काय गाळले जाते

अडचण वेगळीच आहे. मूळ ब्लूजमध्ये दारू, शरीरसंबंध, तुरुंग आणि हिंसा मोकळेपणाने येतात. अनेक धार्मिक कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्याला सैतानाचे संगीत म्हटले होते. शाळेत आणताना हे सारे वगळावे लागते. परंतु चाळणी बारीक केली की त्याबरोबर अर्धेलीचे कर्ज आणि वर्णभेदाचे कायदेही गळून पडतात, आणि उरतो तो एक गंमतीदार ठेका. मिसिसिपी कला आयोगाने चौथीच्या वर्गांसाठी तयार करविलेल्या अभ्यासक्रमात संगीताबरोबरच कापूस, वाहतूक आणि नागरी हक्क हे विषय गुंफलेले आहेत. चौथीच्या मुलाला कापसाचा हिशेब समजावता येतो, हे त्यातून दिसते. वय लहान असल्याची सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

अधिकाराचा प्रश्न

आपल्या दृष्टीने यातील सर्वांत अवघड भाग शिकविण्याच्या अधिकाराचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये स्थानिक कलावंतांना शिक्षणसंस्थांत आणण्याचा उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’विषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत औपचारिक पदवीची अट नाही, पंधरा वर्षांचा अनुभव मात्र अपेक्षित आहे आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित आहेत. २०२३ साली निवासी कलावंतांसाठीही स्वतंत्र तत्त्वे आली. नेट-सेटच्या पायऱ्या चढून आलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात याविषयी अढी आहे. प्रस्तुत लेखिकाही तिला अपवाद नव्हती. रिक्त पदे वर्षानुवर्षे न भरता तासिका तत्त्वावर काम चालविणाऱ्या व्यवस्थेत हा आणखी एक स्वस्त मार्ग ठरेल, ही भीती निराधार नाही.

तरीही बिलिंग्टन यांच्या उदाहरणाने ही अढी थोडी सैल होते. तेथे कलावंत शाळेतील शिक्षकाची जागा घेत नव्हता. शाळेपाशी जे ज्ञान नव्हते, ते तो घेऊन येत होता. अमेरिकी उपक्रमांतही वर्गशिक्षक इतिहास व भाषा सांभाळतो आणि वादक वाद्य सांभाळतो, तेव्हाच काम तडीस जाते. आपल्याकडे एखाद्या शाहिराला वा संबळवादकाला महाविद्यालयात बोलावले जाते, ते बहुधा स्नेहसंमेलनात, शाल-श्रीफळ देऊन, अर्ध्या तासासाठी. त्याला सहा आठवडे वेळापत्रकात जागा द्यावयाची ठरविल्यास मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकावयाचे, विद्यार्थ्यांची श्रेयांके कोणी नोंदवावयाची आणि त्याच्या अनुभवाची वर्षे कोणत्या कागदावरून मोजावयाची, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत उभे राहतील. बिलिंग्टन यांच्यापाशीही असा कागद नव्हता. त्यांच्यापाशी वाजविणारी मुले होती, आणि ती कोणालाही जाऊन ऐकता येत होती.