आंबा घाटाखालचं रुग्णालय

सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. या वाटेनं बहुतेक जण गणपतीपुळ्याला जातात. काही घरची माणसं मात्र रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात निघालेली असतात, आणि कुठं चाललात या प्रश्नाचं खरं उत्तर शेजाऱ्यांना देणं त्यांना फार जड जातं. सांगलीकरांना सरकारी मनोरुग्णालय म्हणजे रत्नागिरी, सातारकरांना येरवडा.

येरवड्याचं रुग्णालय १९१५ चं, अडीच हजारांवर खाटांचं. रत्नागिरीचं त्याहून जुनं, १८८६ चं, पण खाटा ३६५. त्याच १८८६ साली ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं. थिबा राजवाडा बघायला आज पर्यटक येतात. मनोरुग्णालयाचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवा, कारण आपल्या घाटमाथ्यावरच्या किती तरी घरांचा इतिहास त्यात आहे.

त्या काळी १८५८ चा कायदा चालू होता. रस्त्यावर भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलीस धरून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करत आणि त्याच्या हुकमानं माणूस आत जाई. पुढं १९१२ चा कायदा आला; तो स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि १९९३ मध्ये नवा कायदा अमलात आल्यावरच गेला. मनोविकारांवर गुणकारी औषधं आली ती १९५० नंतर. म्हणजे पहिली साठ-सत्तर वर्षं आतल्या माणसाच्या वाट्याला उपचारापेक्षा कोंडूनच राहणं जास्त आलं. या रुग्णालयांची जी भीती आजही आपल्या मनात आहे, ती त्या काळातली आहे. डॉक्टर, औषधं, कायदा सगळं बदललं. भीती तेवढी तशीच राहिली. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी केली, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला. घरचे न्यायला येत नाहीत एवढ्या कारणावरून कुणालाही आत ठेवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आता प्रत्येकाला घाट उतरावा लागतोच असं नाही. सांगली-मिरज रस्त्यावर 'कृपामयी' हे मनोरुग्णालय आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते.

घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी एकटंच पुटपुटत बसत असेल, तर अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका. आधी डॉक्टर गाठा. बरं झालेलं माणूस रुग्णालयात वाट बघत असेल, तर त्याला घरी आणा. आणि कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथं मराठीतून बोलता येतं.