फ्यूजची ग्रिप खिशात

सकाळी ७.१०. चहा हातात असतानाच कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला. "दादा, गीझर लावला की दहा मिनिटांत एमसीबी पडतो. परवा एकाने सांगितलं, बत्तीसचा टाका म्हणजे पडायचं थांबेल. येताना घेऊन याल का?"

"आधी बघतो काकू, मग ठरवू. तोवर गीझर लावू नका आणि एमसीबी सारखा वर करू नका. डीबीचा एक फोटो तेवढा पाठवा."

"बत्तीसचा टाका" ऐकलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. लोकांना वाटतं, एमसीबी गीझरसाठी असतो. तो असतो भिंतीतल्या वायरीसाठी. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर १६ अँपिअरचा एमसीबी बरोबर. तिथे ३२ चा बसवला तर जास्त करंट गेल्यावर वायर आतल्या आत भाजत राहील आणि एमसीबी जागचा हलणार नाही.

८.३०. दुकान. भाचा बरोबर आहे, आयटीआयला वायरमन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला. फोटोवरून कंपनी कळली होती, त्याच कंपनीचा सी-१६ घेतला. दुसऱ्या कंपनीचाही पट्टीवर बसतो, पण त्याचं तोंड बसबारच्या दातासमोर नीट येईलच असं नाही. मग दात वाकवून बसवतात आणि पकड ढिली राहते. आयएसआयची खूण आणि १० केए लिहिलेलं भाच्याला वाचायला लावलं.

९.२०. इमारत चाळीसेक वर्षांची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गीझर लावून क्लँप मीटर अडकवला: ८.६ अँपिअर. दोन हजार वॉटच्या गीझरला २३० व्होल्टवर एवढेच लागतात. म्हणजे लोड जास्त नाही. शॉर्ट असता तर लावताक्षणी पडला असता. दहा मिनिटं थांबून पडतो, म्हणजे एमसीबीच्या आतली दोन धातूंची पट्टी तापते आहे, आणि तिला गीझर तापवत नसेल तर दुसरं काहीतरी तापवतंय. डीबीचं झाकण न काढताच वास आला, जळक्या मासळीसारखा. प्लॅस्टिक करपल्याचा वास आहे तो.

१०.०५. लाईट गेली. पुण्यातला गुरुवार, महावितरणच्या दुरुस्तीचा दिवस. काकूंना दोनपर्यंत बंद असल्याचा मेसेज होता. "बरं झालं की! आता करंट नाहीच, पटकन बदलून टाका."

मी त्यांना माझा उजवा तळहात दाखवला. पांढरा डाग आहे तिथे. तोही गुरुवारच होता, मेसेजमध्ये पाचची वेळ होती आणि लाईट पावणेचारला आली. लाईट गेलेली असणं वेगळं आणि आपण बंद केलेली असणं वेगळं. गेलेली लाईट कधी परत यायची, ते आपल्या हातात नसतं.

आधी गीझर, फ्रिज, सगळं बंद केलं. डीबीचा मेन खाली पाडला. मग खाली मीटर रूममध्ये. मीटरच्या सिलाला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. त्याच्या पुढचा, घराच्या बाजूचा कटआउट आपला. फ्लॅटचा नंबर भाच्याने वाचला, मी परत वाचला, आणि फ्यूजची ग्रिप काढून खिशात टाकली. तिथे चिठ्ठी चिकटवली: 'काम चालू आहे, लावू नये.'

१०.३५. वर आलो तर हॉलचा पंखा फिरतच होता. भाच्याच्या लगेच लक्षात आलं, "मामा, इन्व्हर्टर!" शाब्बास. मेन पाडला, कटआउट काढला, तरी त्याच डीबीत इन्व्हर्टरची फेज येत होती. आता घरोघरी बॅटरी आहे, कुठे कुठे छतावर सोलरही. वीज एकाच वाटेने येते हे धरून चालणं सोडायला हवं. इन्व्हर्टरच्या दोन्ही पिना काढल्या, घराकडे जाणारी आणि चार्जिंगची.

मग दोन टोकांचा टेस्टर. स्क्रू ड्रायव्हरवजा टेस्टरच्या दिव्यावर मी कुणाचा जीव टांगत नाही. तो पेटला नाही याचा अर्थ करंट नाही असा होत नाही. इन्व्हर्टरच्या मागचं सॉकेट चालूच होतं, तिथे टेस्टर लावून बघितला: पेटला. मग झाकण काढून डीबीत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, मेनच्या वर आणि खाली: काही नाही. पुन्हा इन्व्हर्टरचं सॉकेट: पेटला. हा तिसरा टप्पा बरेच जण गाळतात. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल, तर "काही नाही" या उत्तराला काय किंमत?

११.००. आधी फोटो घेतला, मगच स्क्रूला हात लावला. गीझरच्या एमसीबीचं खालचं तोंड तपकिरी झालं होतं. वायरीच्या निम्म्याच तारा आत, बाकीच्या कुणीतरी कापलेल्या, आणि स्क्रू आवळलेला प्लॅस्टिकच्या आवरणावर. करंट तेवढ्याशा तारांतून जात होता, सांधा तापत होता आणि ती ऊब आतल्या पट्टीपर्यंत पोचत होती. बिचारा एमसीबी रोज खरं सांगत होता.

वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली. नशिबाने लांबी पुरली. जुना एमसीबी काढून सी-१६ बसवला. सगळ्या तारा पिळून आत, आवरण बाहेर, कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळलं, आणि ओढून पाहिलं. बसबारचा दात तोंडाच्या आत गेला आहे ना, मागे सरकला नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात वाकून बघितलं. बाकीचे स्क्रूही तपासले. दोन ढिले निघाले. रिकाम्या खाचेवर झाकण नव्हतं, आत पालीची वाळलेली अंडी. ती काढली, खाच बंद केली.

११.५०. शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही अचानक मोठ्याने सुरू झाला. जिन्यातला दिवा लागला. लाईट आली होती, दोन तास आधी. आमच्या घरात अंधारच होता. भाच्याची बोटं त्या क्षणी बसबारवर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खिशावर हात ठेवला. काकू पाणी घेऊन आल्या आणि काही न बोलता तिथेच उभ्या राहिल्या.

१२.२०. झाकण लावूनच ग्रिप परत बसवली. मेन वर. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबलं, पडला, वर केला. काकूंना दाखवलं, महिन्यातून एकदा हे दाबायचं. मग एकेक एमसीबी, शेवटी गीझर. वीस मिनिटं थांबलो. ८.६ अँपिअर, पडला नाही. इन्व्हर्टरच्या पिना लावल्या. ३२ चा विषय पुन्हा निघाला नाही.

दुपारी दोन किरकोळ कामं: एक पंखा, एक कॉलबेल.

संध्याकाळी ७.३०. जुना एमसीबी भाच्याने रिव्हेट कापून उघडला. जाड तारेचं वेटोळं, शॉर्ट झाला की क्षणात खेचणारं. ठिणगी तुकडे करून विझवणाऱ्या पत्र्यांची चळत. आणि दोन धातूंची ती चपटी पट्टी. त्याने ती चिमट्यात धरून लायटरवर नेली. पट्टी हळूहळू वाकू लागली.

"मामा, बघा, अजून चालतेय."