चित्र वाळवंटातले, मोल शब्दांचे

ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींची चित्रे आज जगभरच्या कलादालनांत मानाने झळकतात. ही चित्रे वाचकांपर्यंत नेणाऱ्या मुक्त कलासमीक्षकाचे काम कसे चालते आणि त्याच्या शब्दांवर काय काय अवलंबून असते, याचा हा वेध.

प्रतिनिधी

मार्च १९९७. ‘आर्ट मंथली’ या ऑस्ट्रेलियन मासिकात एक लेख प्रसिद्ध झाला आणि तिथल्या कलाजगतात खळबळ उडाली. एडी बरप या नावाच्या मूलनिवासी चित्रकाराची चित्रे त्या सुमारास प्रदर्शनांतून दिसू लागली होती. लेखाने उघड केले, की या नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. ती चित्रे एलिझाबेथ ड्युरॅक या ऐंशी पार केलेल्या गोऱ्या चित्रकर्तीची होती. कलाइतिहासकार रॉबर्ट स्मिथ यांच्यापाशी तिने स्वतःच ही कबुली दिली आणि स्मिथ यांनी ती लिहिली.

लेख छापून आला तेव्हा चित्रांतली एक रेषाही बदलली नव्हती. बदलला होता तो त्यांचा अर्थ. मूलनिवासी कलेत चित्र कोणी काढले, तो कोणत्या समाजाचा, त्यात आलेली कथा कोणाच्या मालकीची आणि ती मांडण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे प्रश्न रंगसंगतीइतकेच महत्त्वाचे असतात. त्यांची उत्तरे कॅनव्हासवर सापडत नाहीत. ती कोणीतरी शोधून लिहावी लागतात. हे काम करणाऱ्यांत पगारी नोकरी नसलेले, लेखागणिक मानधन घेणारे मुक्त कलासमीक्षक मोठ्या संख्येने आहेत.

संग्रहालयातून कलादालनात

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मूलनिवासींच्या कलेवर लिहिणे हे प्रामुख्याने मानववंशशास्त्रज्ञांचे काम समजले जाई. झाडाच्या सालीवरची चित्रे, कोरीव खांब, भाले या वस्तू कलादालनांऐवजी मानववंशशास्त्रीय संग्रहालयांत ठेवल्या जात. १९५९ मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साऊथ वेल्सने टिवी बेटांवरील कलाकारांनी घडवलेले १७ स्मृतिस्तंभ दर्शनी भागात उभे केले, तेव्हा ही कला म्हणायची की मानववंशशास्त्राचा नमुना, असा वाद रंगला होता.

खरा पालट झाला तो १९७१ मध्ये. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवर पापुन्या नावाची सरकारी वसाहत होती. तिथे जेफ्री बार्डन हा तरुण कलाशिक्षक आला. त्याच्या प्रोत्साहनाने वसाहतीतल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधुमुंगीच्या कथेचे भित्तिचित्र रंगवले. वाळूवर आणि अंगावर विधीपुरती काढली जाणारी चिन्हे आता भिंतीवर, फळ्यांवर आणि पुढे कॅनव्हासवर उतरली. १९७२ मध्ये चित्रकारांच्या मालकीची ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली. शाळेच्या भिंतीवरचे ते चित्र मात्र १९७४ मध्ये रंग फासून पुसले गेले.

या चित्रांनी शहरातल्या समीक्षकापुढे पेच उभा केला. ठिपके आणि वर्तुळे पाहून त्याला युरोपातली अमूर्त चित्रकला आठवे. प्रत्यक्षात ती अमूर्त नव्हती. वर्तुळ हा पाणवठा असू शकतो किंवा मुक्कामाची जागा, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खूण म्हणजे मांडी घालून बसलेला माणूस. संपूर्ण चित्र म्हणजे वरून पाहिलेला भूप्रदेश आणि त्या प्रदेशातून गेलेल्या आदिपूर्वजांची गोष्ट. ही गोष्ट ‘ड्रीमिंग’ या नावाने ओळखली जाते. ती जाणून घ्यायची तर शेकडो किलोमीटर धुळीचा रस्ता तुडवून चित्रकारापर्यंत जाण्याला पर्याय नव्हता.

काय लिहू नये?

पत्रकारितेत माहिती काढणाऱ्याचे कौतुक होते. या क्षेत्रात मात्र काय लिहू नये, हे आधी शिकावे लागते. पापुन्यातल्या सुरुवातीच्या काही फळ्यांवर दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहाव्यात अशा वस्तू आणि विधी चितारले गेले होते. ही चित्रे बाहेर दिसू लागताच मूलनिवासी समाजांतून हरकती आल्या आणि चित्रकारांनी असा मजकूर वगळण्यास किंवा झाकण्यास प्रारंभ केला. ठिपक्यांचे दाट आवरण अंशतः त्यासाठीच आले, असे अनेक अभ्यासक मानतात. डार्विनच्या संग्रहालयातील त्या काळच्या काही फळ्या आजही सर्वांसाठी खुल्या नाहीत. समीक्षकाला गोष्टीचा सार्वजनिक भाग सांगितला जातो. उरलेल्या भागाविषयी मौन पाळणे हा त्या व्यवहारातला अलिखित करार असतो.

मृत व्यक्तीचे नाव उच्चारू नये, छायाचित्र दाखवू नये, असाही अनेक समाजांत संकेत आहे. त्यामुळे नामवंत चित्रकाराच्या निधनानंतर नाव छापायचे की नाही, हे कुटुंबाला विचारून ठरवले जाते. लेखासोबत चित्र छापायचे तर हक्काचा प्रश्न येतो. जलरंगातल्या निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या अल्बर्ट नामाजिरा यांचे निधन १९५९ मध्ये झाले. त्यांच्या चित्रांचे प्रकाशनहक्क १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने अवघ्या साडेआठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरना एका प्रकाशन संस्थेला विकले. ते वारसांच्या न्यासाकडे परत येण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

बाराशेचे चोवीस लाख

शब्द आणि पैसा यांचे नाते कसे असते, हे क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांच्या ‘वार्लुगुलोंग’ या चित्राच्या प्रवासातून समजते. १९७७ मध्ये एका बँकेने ते १,२०० डॉलरना घेतले आणि आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात टांगले. १९९६ मध्ये ते सुमारे ३६ हजार डॉलरना विकले गेले. २००७ मध्ये लिलावात त्याला २४ लाख डॉलर मिळाले आणि कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने ते संग्रही घेतले. आदिपूर्वज लुंगकाटाने पेटवलेल्या वणव्यात त्याचे दोन मुलगे सापडले, ही कथा चित्राच्या केंद्रस्थानी आहे आणि तिच्याभोवती इतर अनेक कथांचे मार्ग विणलेले आहेत.

या तीस वर्षांत चित्र तेच राहिले. त्याभोवती पुस्तके, परीक्षणे, प्रदर्शनपुस्तिका आणि लिलावाच्या टिपणांचा संभार मात्र वाढत गेला. उपाहारगृहातली शोभेची वस्तू राष्ट्रीय ठेवा ठरली, यात या लेखनाचा वाटा मोठा आहे. चित्रकार २००२ मध्येच निवर्तले होते. २००७ च्या विक्रीतून त्यांच्या वारसांना हक्काने काहीही मिळाले नाही. पुनर्विक्रीच्या किमतीतील पाच टक्के वाटा कलाकाराला किंवा वारसांना देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि जून २०१० पासून अमलात आला. तो वाटा त्या विक्रीला लागू असता, तर कुटुंबाला एक लाखाहून अधिक डॉलर मिळाले असते.

किमती वाढल्या तसे दलालही वाढले. वृद्ध चित्रकारांना शहरातल्या मोटेलमध्ये वा गोदामात बसवून तुटपुंज्या मोबदल्यात चित्रे करून घेण्याचे प्रकार वृत्तपत्रांतून गाजू लागले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने या व्यवसायाची चौकशी हाती घेतली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि २०१० मध्ये विक्रेत्यांसाठी ऐच्छिक आचारसंहिता लागू झाली. तरीही प्रश्न मिटलेला नाही. मूलनिवासी कलेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या भेटवस्तूंवर जो खर्च होतो, त्यातला निम्म्याहून अधिक अस्सल नसलेल्या मालावर होतो, असे तिथल्या उत्पादकता आयोगाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे.

पोटाचा प्रश्न आणि पेनाचा प्रश्न

आता या साखळीतल्या समीक्षकाकडे पाहू. कोणी कलाइतिहास शिकून या व्यवसायात येतो, कोणी नाट्यपरीक्षणे लिहिता लिहिता. सुरुवात स्थानिक साप्ताहिकातल्या छोट्या परीक्षणाने होते. मग १९८१ पासून ॲडलेडहून निघणारे ‘आर्टलिंक’ किंवा १९८७ मध्ये सुरू झालेले ‘आर्ट मंथली’ यांसारख्या नियतकालिकांत दीर्घ लेख लिहायची संधी मिळते. दर ऑगस्टमध्ये डार्विनला मूलनिवासी कलेचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर होतात. १९८४ पासूनचा हा सोहळा अशा लेखकाच्या वर्षाचा कळस असतो.

मात्र परीक्षणाच्या मानधनावर घर चालत नाही. वाळवंटातला एक दौरा म्हणजे विमानभाडे, दणकट गाडी, इंधन आणि वस्तीत जाण्याचे परवाने. एका लेखाच्या पैशात हा खर्च निघणे कठीण असते. त्यात वृत्तपत्रांचे अर्थकारण बिघडले. २०१२ मध्ये फेअरफॅक्स या बड्या वृत्तपत्र समूहाने १,९०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. अशा कपातीत कलेची पाने लवकर आकसतात. मग समीक्षक कलादालनासाठी प्रदर्शनपुस्तिकेतला लेख लिहितो, लिलावगृहासाठी टिपण तयार करतो, व्याख्यान देतो, कलासहलींचा मार्गदर्शक होतो.

यात गैर काहीच नाही. अडचण पुढे येते. ज्या कलादालनाने गेल्या महिन्यात लेखाचे पैसे दिले, त्याच्या नव्या प्रदर्शनाचे परीक्षण या महिन्यात कसे लिहायचे? एखाद्या चित्राच्या कर्तृत्वाविषयी शंका आली, तर ती बोलून दाखवायची का? अनेक संपादक लेखकाला असे संबंध जाहीर करायला सांगतात आणि जबाबदार लेखक ते आपणहून सांगतात. पण एडी बरपसारख्या प्रकरणाचा छडा लावायला वेळ लागतो, कायदेशीर जोखीम घ्यावी लागते आणि पाठीशी संस्था नसलेल्या माणसाला दोन्ही महाग पडतात. स्तुतीला गिऱ्हाईक असते. शंकेला क्वचितच. लिखाण स्वतंत्र उरले नाही, तर त्याचा फटका आधी वाळवंटातल्या चित्रकाराला बसतो आणि मग चित्र विकत घेणाऱ्याला.

लेखणी कोणाच्या हाती?

गोऱ्या समीक्षकाने मूलनिवासींविषयी किती काळ बोलायचे, हा प्रश्नही आता टाळता येत नाही. ब्रिस्बेनचे मूलनिवासी चित्रकार रिचर्ड बेल यांनी २००२ मध्ये एका निबंधात स्पष्ट म्हटले, की मूलनिवासी कला हा गोऱ्यांचाच उद्योग झाला आहे: बाजार त्यांचा, निकष त्यांचे, समीक्षकही त्यांचेच. याच विचारावर आधारलेल्या त्यांच्या चित्राला २००३ मध्ये डार्विनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जॉन मंडीन, हेट्टी पर्किन्स, ब्रेंडा क्रॉफ्ट अशा मूलनिवासी कलातज्ज्ञांनी प्रदर्शने घडवली आणि त्यावर लिहिलेही. २०२४ मध्ये व्हेनिस बिनालेत आर्ची मूर यांच्या कलाकृतीमुळे ऑस्ट्रेलियाला प्रथमच सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय दालनासाठीचा ‘गोल्डन लायन’ मिळाला. खडूने भिंतीवर रेखलेली हजारो वर्षांची वंशावळ हे त्या कलाकृतीचे रूप होते. तिचा केंद्रबिंदू चित्रकाराचे स्वतःचे कुळ होते.

बाहेरच्या लेखकाचे काम त्यामुळे संपले नाही, पण बदलले आहे. चित्रकाराच्या वतीने बोलण्यापेक्षा व्यवहारावर नजर ठेवणे, चित्र कोठून कोठे गेले याचा माग काढणे आणि ऐकलेले नेमके नोंदवणे, हे आता त्याच्याकडून अपेक्षित असते.

हा विषय आपल्यालाही परका नाही. २०१५-१६ मध्ये ब्रिस्बेनच्या आशिया पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात ‘कल्पवृक्ष’ या विभागात भारतातील गोंड, मिथिला आणि आपल्या वारली चित्रकारांची कला मांडली गेली. योगायोग असा, की पापुन्यात फळ्या रंगू लागल्या त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर पोहोचले आणि जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे भिंतीवरून कागदावर आली. आज वारली आकृत्या कपबशीपासून सोसायटीच्या कुंपणापर्यंत सर्वत्र दिसतात. त्याखाली चित्रकाराचे नाव शोधून पाहावे. बहुतेक ठिकाणी ते सापडत नाही.