१०८ ला फोन करू, की आशाताईंना हाक मारू?



दोन मुलांत अंतर ठेवायचे की पाळणा कायमचा थांबवायचा, हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचे असते. तशीच आणखी एक गोष्ट दोघांनी आधीच ठरवून ठेवायला हवी. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा संततिनियमनाचे साधन वापरताना त्रास झाला, तर मदत कोणाची मागायची आणि किती घाईने?

पुष्कळदा घरातली माणसे थांबतात. “बाळंतपणात रक्त जायचंच,” असे कोणी म्हणते. कोणी थोरल्यांच्या होकाराची वाट पाहते, कोणी भाड्याच्या गाडीसाठी पैसे शोधते. पण बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव कोणासाठी थांबत नाही. दोन तासांतही बाईचा जीव जाऊ शकतो. लागोपाठ बाळंतपणे झालेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

उलट, साध्या तपासणीसाठी १०८ बोलावली, तर त्याच वेळी शिरपूरच्या एखाद्या पाड्यावर अडलेल्या बाईला गाडी मिळायला उशीर होईल. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा : जीव किंवा शुद्ध जाण्याचा धोका आहे का?

ताबडतोब १०८

१०८ ची सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून आहे. ती रात्रंदिवस आणि मोफत असते. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी फोन लावा.

● गरोदरपणी अंगावरून रक्त जाऊ लागले.
● झटके आले, शुद्ध हरपली; किंवा डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते.
● बाळंतपणानंतर घडी बदलताच पुन्हा भिजते, किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही.
● घरीच बाळाचे डोके दिसू लागले.
● नवजात बाळ दूध ओढत नाही, गार पडले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
● तांबी बसवली आहे किंवा ऑपरेशन झाले आहे, तरी पाळी चुकली आणि ओटीपोटात जोराची कळ येऊन चक्कर येते. गर्भ नळीत राहिला असेल, तर आतल्या आत रक्तस्राव होतो. बाहेर रक्त दिसले नाही म्हणून गाफील राहू नका.
● दुकानातून गोळ्या आणून गर्भ पाडला आणि रक्त थांबत नाही. लाजेपोटी लपवू नका. डॉक्टरांना खरे सांगा. गर्भपात कायद्याने मान्य आहे, पण तो मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावा.

कळा सुरू झाल्या तर १०२

ही गाडी गरोदर माता व लहान बाळांसाठी आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात नेणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि परत घरी सोडणे मोफत आहे. ठरावीक वेळाने कळा येऊ लागल्या, कळा नसल्या तरी पाणी गेले, किंवा पोटातले बाळ हलेनासे झाले, की १०२ लावा. १०२ मिळाली नाही, तर १०८ लावा. घरी कोणाकडूनही कळांचे इंजेक्शन घेऊ नका.

गाडी नको, पण उद्यावरही नको

● निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी लागते. जितकी लवकर, तितकी चांगली. ती आशाताईंकडे मागा.
● ऑपरेशननंतर ताप आला, टाक्यातून पू आला, किंवा नसबंदीनंतर सूज वाढत चालली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
● तांबीनंतर ताप, घाण वासाचे पाणी, किंवा पोटात वाढते दुखणे असेल, तरीही तेच करा.

आशाताई, नर्सबाई पुरेशा

तांबीनंतर पहिले काही महिने पाळी थोडी जास्त जाते. अंतरा इंजेक्शनाने पाळी पुढे-मागे होते. माला-एनने सुरुवातीला मळमळते. या त्रासाला घाबरून साधन सोडू नका. उपकेंद्रात जाऊन विचारा. पुरुष नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा, हे पुरुषमंडळींनी विसरू नये.

फोनवर काय सांगाल?

गाव, तालुका, ओळखीची खूण. काय होते आहे. कितवा महिना किंवा बाळंतपण कधी झाले. केळीच्या मळ्यात किंवा शेतावरच्या वस्तीवर राहत असाल, तर एकाला रस्त्यावर उभे करा. रात्री त्याच्या हाती बॅटरी द्या. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका. गाडी येईस्तोवर गरोदर किंवा बेशुद्ध बाईला डाव्या कुशीवर निजवा. झटके आले असतील किंवा शुद्ध नसेल, तर तोंडात पाणी घालू नका. नवजात बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून पांघरून ठेवा.

जवळच्या केंद्रात रक्त किंवा सिझेरियनची सोय नसेल, तर डॉक्टर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील. तेव्हा “आधी घरी विचारतो” म्हणू नका.

आज रात्रीच करा

१. १०८, १०२ आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.
२. माता-बाल संरक्षण कार्ड व आधार कार्ड एका पिशवीत ठेवा.
३. घरात फोनला रेंज कोठे मिळते, ते सर्वांना दाखवा.
४. दोघांनी शब्द द्या : धोक्याची खूण दिसली, की जो जवळ असेल त्याने फोन करायचा. नवरा कापूस विकायला गेलेला असो, सासूबाई देवळात असोत. कोणाच्या परवानगीसाठी थांबायचे नाही.

ओळखता येत नसेल, तर १०८ लावा. शंकेने केलेल्या फोनबद्दल कोणी रागावणार नाही.

अंतर ठेवा, खुणा ओळखा, वेळेवर फोन करा!